इंग्रजी रोमँटिसिझम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी घेऊन बी. ए., एम. ए. करणारी मुलं आणि कॉलेज सुटल्यावर पुन्हा कवितेकडे वळलेले वाचक यांच्याकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींना दोन ओळी पुरल्या, काहींना पुरल्या नाहीत. निसर्गप्रेम, कल्पनाशक्ती, भावनांचा उत्कट आविष्कार, भूतकाळाची ओढ ही नोट्समधली यादी तुम्हाला पाठ असेलच. ती खोटी नाही. पण ही सगळी मंडळी, म्हणजे १८०० च्या आगेमागे लिहिणारे वर्डस्वर्थ, कोलरिज, ब्लेक, बायरन, शेली, कीट्स वगैरे रोमँटिक कवी, राजकारणाने पेटलेल्या काळात लिहीत होती आणि एकमेकांशी कडकडून भांडत होती, याचा तिच्यात पत्ताच लागत नाही. इथे भर त्यावर आहे.

सुरुवात १७९८ पासूनच का धरतात?

सोयीसाठी. त्या वर्षी विल्यम वर्डस्वर्थ आणि सॅम्युएल टेलर कोलरिज यांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह निघाला. ब्रिस्टलच्या जोसेफ कॉटलने तो छापला. कविता २३, त्यातल्या ४ कोलरिजच्या, बाकी वर्डस्वर्थच्या. पुस्तकावर कवीचं नाव नव्हतं. कारण कोलरिजने कॉटलला पत्रात सांगून टाकलं होतं: वर्डस्वर्थच्या नावाला किंमत नाही आणि माझ्या नावाची बऱ्याच लोकांना दुर्गंधी येते. ही दुर्गंधी त्याच्या राजकारणाची होती. सरकारविरोधी व्याख्यानं देणारा तरुण म्हणून तो बदनाम झाला होता.

दोघांना जर्मनीला जायचं होतं आणि त्या खर्चाला हातभार लागावा हाही पुस्तकामागचा एक हेतू होता. जाहीरनामा वगैरे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. सुरुवातीच्या छोट्या निवेदनात या कवितांना ‘प्रयोग’ म्हटलं आहे: मध्यम आणि खालच्या वर्गातले लोक जी भाषा बोलतात ती काव्यानंदासाठी कितपत चालते, हे पाहण्याचा प्रयोग. पुस्तक आलं आणि इंग्लंड हादरलं, असंही काही घडलं नाही. कोलरिजचा साडू रॉबर्ट साउदी यानेच परीक्षण लिहून त्यातल्या कोलरिजच्या ‘एन्शंट मॅरिनर’ या दीर्घ कवितेची टर उडवली, जर्मन भव्यता गाठण्याचा हा डच प्रयत्न आहे, असा त्याचा शेरा होता. तरी १८०५ पर्यंत संग्रहाच्या चार आवृत्त्या निघाल्या.

त्याआधी काहीच नव्हतं का?

भरपूर होतं. जेम्स टॉमसनची ‘द सीझन्स’ १७२६ ते १७३० या काळात आली आणि ऋतूंचं वर्णन हा कवितेचा मुख्य विषय होऊ शकतो हे तिने दाखवलं. थॉमस ग्रेची स्मशानातली विलापिका १७५१ ची. तिच्यात नाव न कमावता मेलेल्या खेडुतांबद्दल कळवळा आहे. बिशप पर्सीने १७६५ मध्ये जुन्या लोकगाथांचा संग्रह काढला आणि शिकलेल्या लोकांना बॅलडची गोडी लावली. विल्यम कूपर होता, सुनीतं लिहिणारी शार्लट स्मिथ होती. १७८६ मध्ये किल्मार्नक इथे रॉबर्ट बर्न्सच्या स्कॉट्स बोलीतल्या कवितांच्या ६१२ प्रती छापल्या गेल्या, त्या हां हां म्हणता संपल्या. शेतावर राबणारा माणूस आपल्या बोलीत लिहितो आणि एडिंबरा त्याला डोक्यावर घेतं, हे वर्डस्वर्थच्या बारा वर्षं आधी झालेलं आहे.

या पूर्वजांमध्ये दोन लबाडही आहेत आणि मला ते फार आवडतात. १७६० च्या दशकात जेम्स मॅकफर्सनने ओशन नावाच्या प्राचीन गेलिक कवीची काव्यं ‘भाषांतरित’ करून छापली. त्यातलं बरंचसं त्याचं स्वतःचं होतं, पण युरोप वेडा झाला. जर्मन लेखक गटे आणि नेपोलियन दोघेही भक्त. दुसरा ब्रिस्टलचा टॉमस चॅटर्टन. त्याने पंधराव्या शतकातला एक धर्मगुरू-कवी कल्पून त्याच्या नावाने कविता रचल्या आणि १७७० मध्ये, वयाच्या अवघ्या १७ व्या वर्षी तो मेला. पुढच्या काळात जॉन कीट्सने ‘एंडिमियन’ हे काव्य त्यालाच अर्पण केलं. प्रामाणिक भावनेचा एवढा उदोउदो करणाऱ्या काव्यधारेच्या उगमाशी अशा बनावट जुन्या पोथ्या आहेत, हे नोट्सवाले सांगत नाहीत.

युरोपातून आलेल्या गोष्टींत फ्रेंच विचारवंत रूसोचं लेखन आणि गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी, ही दोन नावं पुरेत. ‘वेर्थर’ १७७४ ची, पाच वर्षांत ती इंग्रजीत आली.

फ्रेंच राज्यक्रांतीचा संबंध नेमका काय? उत्तरात एक परिच्छेद टाकला की झालं का?

नाही. तिच्याशिवाय पहिल्या पिढीचं, म्हणजे वर्डस्वर्थ-कोलरिज यांचं, काहीच नीट कळत नाही.

१७८९ मध्ये पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडला आणि क्रांती सुरू झाली तेव्हा वर्डस्वर्थ १९ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी सुट्टीत मित्राबरोबर पायी फिरायला म्हणून तो फ्रान्समध्ये उतरला, तो नेमका १३ जुलैला, क्रांतीच्या पहिल्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी. गावोगावी नाच, हार, कमानी. १७९१ च्या अखेरीस तो पुन्हा गेला आणि वर्षभर राहिला. ब्ल्वा इथे मिशेल बोपुई नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी त्याची मैत्री झाली. ‘प्रेल्यूड’ या त्याच्या आत्मचरित्रपर दीर्घकाव्याच्या नवव्या सर्गात एक प्रसंग आहे: भुकेने खंगलेली एक मुलगी कालवड चारत रस्त्याने चालली आहे आणि तिच्याकडे बोट दाखवून बोपुई म्हणतो, आपली लढाई याच्याविरुद्ध आहे. वर्डस्वर्थच्या कवितेत पुढे येणारे भिकारी, निवृत्त शिपाई, मूल गमावलेल्या बाया यांचं मूळ मला या रस्त्यावर दिसतं.

त्याच वर्षी ॲनेट व्हॅलॉन या तरुणीवर त्याचं प्रेम बसलं. डिसेंबर १७९२ मध्ये त्यांची मुलगी कॅरोलिन जन्मली, पण तोवर पैसे संपून तो इंग्लंडकडे परतला होता. फेब्रुवारी १७९३ मध्ये दोन्ही देशांत युद्ध जाहीर झालं. मुलीला त्याने पाहिलं ते १८०२ मध्ये, तहाच्या काळात, कॅलेच्या किनाऱ्यावर.

मध्ये काय झालं ते इतिहासाच्या पुस्तकात आहे: सप्टेंबरमधली कत्तल, राजाचा शिरच्छेद, दहशतीचं राज्य. इकडे इंग्लंडमध्ये पंतप्रधान पिटच्या सरकारने १७९४ मध्ये हेबियस कॉर्पस, म्हणजे खटल्याशिवाय कोंडून ठेवण्याविरुद्धचं कायद्याचं संरक्षण, स्थगित केलं, सुधारणावाद्यांवर राजद्रोहाचे खटले भरले, १७९५ मध्ये सभा आणि लेखन यांवर बंधनं घालणारे कायदे केले. क्रांतीवर विश्वास ठेवलेल्या तरुणांची दोन्हीकडून कोंडी झाली. आपलं सरकार दडपशाही करतंय आणि ज्यांच्यावर आशा ठेवली ते फ्रेंच शेजारी देश गिळतायत. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य स्वित्झर्लंडमध्ये शिरलं तेव्हा कोलरिजने ‘फ्रान्स: ॲन ओड’ लिहून जाहीर माघार घेतली.

यातला एक विनोदी अध्याय १७९७ च्या उन्हाळ्यातला. दोघे मित्र तेव्हा सॉमरसेटमध्ये शेजारीशेजारी राहत होते, वह्या घेऊन डोंगर-ओढे पालथे घालत होते. गावकऱ्यांना वाटलं, हे फ्रेंचांसाठी नकाशे काढतायत. गृहखात्याने खरोखरच एक हेर पाठवला. कोलरिजने नंतर तिखटमीठ लावून सांगितलं की आम्ही स्पिनोझा या तत्त्वज्ञाविषयी बोलत होतो आणि नाक मोठं असलेल्या त्या हेराला वाटलं, हे आपल्याला ‘स्पाय नोझी’ म्हणतायत.

म्हणून ‘लिरिकल बॅलड्स’ हा राजकारण सोडून निसर्गात शिरलेल्यांचा संग्रह म्हणून वाचला की अर्धाच हाती लागतो. व्यवस्था उलथता आली नाही; मग ज्यांना कवितेत जागाच नव्हती अशा माणसांना निदान तिथे आणून बसवू, ही त्यातली जिद्द आहे.

वर्डस्वर्थची प्रस्तावना इतकी महत्त्वाची का? आणि ‘प्रबळ भावनांचा उत्स्फूर्त ओघ’ ही त्याची व्याख्या ना?

ही व्याख्या म्हणजे अर्धं वाक्य आहे, आणि दरवर्षी शेकडो उत्तरपत्रिकांत ते अर्धंच येतं. प्रस्तावना १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडली गेली आणि १८०२ मध्ये वाढवली गेली. उत्स्फूर्त ओघाचा उल्लेख तिथे प्रथम येतो तेव्हा त्याच दमात वर्डस्वर्थ म्हणतो की मोल असलेली कविता अशाच माणसाकडून होते जो संवेदनशील तर असतोच, पण ज्याने दीर्घ आणि खोल विचारही केलेला असतो. पुढे तो पुन्हा या मुद्द्याकडे येतो आणि सांगतो की कवितेचा उगम शांतपणे आठवलेल्या भावनेत आहे. भावना आली, ती ओसरली, मग स्वस्थ बसून तिच्याकडे पाहिलं, पाहता पाहता तिच्यासारखीच दुसरी भावना मनात उभी राहिली आणि मग लिहिणं सुरू झालं. मनात येईल ते कागदावर ओतणं याच्या जवळपासही हे नाही.

प्रस्तावनेतला दुसरा भाग भाषेचा. अठराव्या शतकाच्या कवितेत पक्षी ‘पिसांचे जमाव’ आणि मासे ‘कल्लेदार कुळ’ होऊन यायचे. वर्डस्वर्थने हे झटकलं आणि माणसं खरोखर वापरतात त्या भाषेतून निवडून घ्यायचं ठरवलं. कवी म्हणजे माणसांशी बोलणारा माणूस, हे त्याचं म्हणणं १८०२ च्या मजकुरात आहे.

तिसरा भाग मला सर्वांत आजचा वाटतो. शहरांत गर्दी वाढत चालली आहे, एकसुरी कामामुळे लोकांना सतत काहीतरी सनसनाटी हवं असतं आणि बातम्यांचा वेगवान पुरवठा ती भूक तासातासाला भागवतो. त्याने मन बोथट होतं, अशी त्याची तक्रार आहे. वर्ष १८०० होतं, हातात मोबाइल नव्हता.

कोलरिजला हे सगळं मान्य होतं का?

अजिबात नाही. १८१७ च्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’त त्याने मित्राचा भाषेचा सिद्धान्त शांतपणे उसवला. खेडुताच्या बोलण्यातले प्रांतिक आणि ओबडधोबड भाग काढून टाकले तर जे उरतं ते कुठल्याही समंजस माणसाचंच बोलणं असतं, मग त्यात खेड्याचं ते काय उरलं? शिवाय वर्डस्वर्थच्या उत्तम कविता त्याच्या सिद्धान्ताला धरून नाहीत. दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत.

त्याच पुस्तकात ‘लिरिकल बॅलड्स’ची कामाची वाटणीही सांगितली आहे. वर्डस्वर्थने रोजच्या गोष्टींना नवलाईचं तेज द्यायचं. कोलरिजने अद्भुत गोष्टी अशा मांडायच्या की वाचक त्या वेळेपुरता आपला अविश्वास आपणहून बाजूला ठेवेल. सिनेमावाले आज उठसूट वापरतात ती कल्पना इथली. ‘एन्शंट मॅरिनर’ १७९८ च्या आवृत्तीत पहिल्याच पानापासून सुरू होती. दुसऱ्या आवृत्तीत वर्डस्वर्थने ती मागे ढकलली, वर तिच्या दोषांची यादी देणारी टीप जोडली, आणि मुखपृष्ठावर नाव फक्त स्वतःचं घातलं. मैत्री थोर होती, पण वागणं असं.

‘कुब्ला खान’ १८१६ मध्ये छापली गेली. अफूच्या गुंगीत स्वप्नात सुचलेली कविता, लिहिताना पोरलॉकहून कामासाठी आलेल्या माणसाने मोडता घातला, ही हकीगत कोलरिजची स्वतःची आहे. ती जशीच्या तशी खरी मानायची सक्ती नाही.

डोरोथी वर्डस्वर्थचं नाव अलीकडे सगळीकडे का दिसतं?

कारण ते आधी दिसायला हवं होतं. ‘डॅफोडिल्स’ घ्या. १५ एप्रिल १८०२ ला अल्झवॉटर सरोवराच्या काठाने बहीण-भाऊ चालत होते. डोरोथीने आपल्या रोजनिशीत त्या फुलांचं वर्णन केलं: काही फुलं दमून उशीवर डोकं ठेवावं तशी दगडांवर टेकली होती आणि बाकीची डोलत, झोकांड्या खात, नाचत होती. विल्यमची कविता १८०४ मधली, छापली गेली १८०७ मध्ये, आणि तिची सुरुवात होते ‘मी एकटाच भटकत होतो’ अशी! बरोबरची बहीण गायब. त्याच कवितेतल्या सर्वांत गाजलेल्या दोन ओळी, एकांताचं सुख असलेल्या अंतर्दृष्टीबद्दलच्या, बायको मेरीने सुचवलेल्या आहेत. हे वर्डस्वर्थने स्वतःच नोंदवलं आहे. डोरोथीच्या रोजनिशीचं गद्य मला तिच्या भावाच्या निम्म्या कवितेपेक्षा जास्त जिवंत वाटतं.

निसर्गकविता म्हणजे पळवाट नव्हे का?

काही वेळा आहे. वर्डस्वर्थची ‘टिंटर्न ॲबी’ ही एका पडक्या मठाजवळच्या परिसरावरची कविता १३ जुलै १७९८ ची. विल्यम गिल्पिनने त्या भागाचं प्रवासवर्णन १७८२ मध्ये लिहिलं, त्यात मठाच्या भग्नावशेषांत राहणारे भिकारी आहेत आणि जवळचे लोखंडाचे कारखानेही. वर्डस्वर्थच्या कवितेत ना भिकारी ना कारखाना, फक्त झाडांतून वर चढणारा धूर. १९८० च्या दशकापासून समीक्षकांनी यावरून त्याला बरंच धारेवर धरलं.

पण त्याच कवीने ‘मायकल’ लिहिली. म्हातारा मेंढपाळ, पुतण्याला जामीन राहिल्यामुळे आलेलं कर्ज, जमीन वाचवायला शहरात कमवायला पाठवलेला एकुलता मुलगा, तो तिकडे वाया जातो, जमीन परक्याच्या हातात जाते. १८०१ मध्ये वर्डस्वर्थने हे पुस्तक चार्ल्स जेम्स फॉक्स या पुढाऱ्याला पाठवलं आणि पत्रात लिहिलं की स्वतःच्या तुकड्यावर जगणारी ही छोटी शेतकरी घरं झपाट्याने नाहीशी होत आहेत. याला पळवाट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि जॉन क्लेअर वाचा. नॉर्थॅम्प्टनशरच्या हेल्पस्टन गावचा शेतमजूर. १८०९ मध्ये गावासाठी संसदेने कायदा केला, आणि सगळ्यांना मोकळी असलेली गायरानं कुंपणं घालून खासगी झाली. क्लेअरच्या कवितेत कुठल्या झुडपात कुठलं घरटं, हे नेमकं आहे आणि ‘इथे रस्ता नाही’ अशा पाटीवरचा संतापही. १८२० मध्ये पहिला संग्रह आला, लंडनने चार दिवस कौतुक केलं, मग विसरलं. आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं त्याने नॉर्थॅम्प्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात काढली आणि ‘आय ॲम’ तिथे लिहिली. वर्डस्वर्थला निसर्गात स्वतःचं मन दिसायचं, क्लेअरला पक्षी दिसायचा.

ब्लेक या यादीत कसा बसतो?

बसत नाही. विल्यम ब्लेक वर्डस्वर्थपेक्षा १२ वर्षांनी मोठा, लंडनचा, पेशाने छपाईसाठी पत्र्यावर कोरीवकाम करणारा. ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ १७८९ चं. १७९४ मध्ये त्याला ‘एक्सपीरियन्स’ची जोड मिळाली. तांब्याच्या पत्र्यावर शब्द आणि चित्र एकत्र कोरायचं, छापायचं, मग तो आणि बायको कॅथरीन यांनी हाताने रंग भरायचे. अशा किती प्रती निघणार? हयातीत त्याला कवी म्हणून फार थोडे लोक ओळखत होते. नाव झालं ते १८६३ मध्ये गिलख्रिस्टचं चरित्र आल्यावर.

निसर्गपूजेचं त्याला वावडं होतं. वर्डस्वर्थच्या पुस्तकाच्या समासात त्याने लिहून ठेवलं की निसर्गातल्या वस्तू माझी कल्पनाशक्ती दुबळी करतात. रोमँटिसिझम म्हणजे निसर्गप्रेम, हे समीकरण एवढ्या एका शेऱ्याने कोलमडतं. ‘चिमणी स्वीपर’मध्ये धुराडं साफ करणारं पोर वाचकाला थेट सांगतं: तुमची धुराडी मी झाडतो. ‘तुमची’ या शब्दाशी थांबून बघा.

दुसरी पिढी पहिलीपेक्षा वेगळी कशी?

बायरन १७८८ चा, शेली १७९२ चा, कीट्स १७९५ चा. क्रांतीची पहाट यांनी पाहिलीच नाही. यांच्या वाट्याला आलं ते नेपोलियनचं युद्ध आणि १८१५ नंतरची महागाई, बेकारी, दडपशाही. त्यात ज्यांना गुरू मानावं ते सरकारी पंगतीला बसलेले. साउदी १८१३ मध्ये राजकवी झाला, वर्डस्वर्थला त्याच वर्षी स्टँप वाटपाची सरकारी नेमणूक मिळाली. १८१६ मध्ये शेलीने वर्डस्वर्थवरचं सुनीत छापलं, जिवंत माणसावर मृत्युलेख लिहावा तसं. १८१८ च्या जूनमध्ये कीट्स मोठ्या आशेने रायडलला त्याच्या घरी भेटायला गेला, तर स्वारी टोरी, म्हणजे सनातनी पक्षाच्या, उमेदवाराच्या प्रचाराला बाहेर पडलेली. बिचारा चिठ्ठी ठेवून परतला.

बायरन तर वेगळंच प्रकरण. त्याचा आदर्श अठराव्या शतकातला कवी अलेक्झांडर पोप, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हे सगळं बंड होतं असं आपण शिकतो तोच. लॉर्डांच्या सभागृहातलं त्याचं पहिलं भाषण, २७ फेब्रुवारी १८१२ चं, यंत्रमाग फोडणाऱ्या नॉटिंगहॅमच्या विणकरांना फाशी देणाऱ्या विधेयकाविरुद्ध होतं. काही दिवसांतच ‘चाइल्ड हॅरल्ड’ आलं आणि एका रात्रीत तो प्रसिद्ध झाला. १८१४ मध्ये ‘द कोर्सेअर’च्या १० हजार प्रती पहिल्याच दिवशी खपल्या. १८१६ मध्ये कौटुंबिक बदनामीमुळे देश सोडला, तो कायमचा. माझ्या मते त्याचं खरं काम ‘डॉन हुआन’: वात्रट, चपळ, आणि त्याच्या स्वतःच्याच उदास नायकांची खिल्ली उडवणारं.

शेली सर्वांत कडवा. १८११ मध्ये नास्तिकतेच्या पत्रकावरून ऑक्सफर्डने त्याला काढलं. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरला सेंट पीटर्स फील्डवर सुमारे ६० हजारांच्या शांत सभेवर घोडदळ घातलं गेलं. इटलीत ही बातमी कळल्यावर त्याने ‘द मास्क ऑफ अनार्की’ लिहिली. ती छापायची कुणाची हिंमत झाली नाही. निघाली १८३२ मध्ये, त्याला बुडून दहा वर्षं झाल्यावर.

कीट्सकडे उघड राजकारण कमी, पण त्याच्यावरचा हल्ला राजकीयच होता. तबेला चालवणाऱ्याचा मुलगा, औषधं देण्याचा परवाना मिळवलेला, ग्रीक पुराणांवर कसा लिहितो? ‘ब्लॅकवुड्स’ मासिकाने त्याला दुकानात, मलमं आणि गोळ्यांकडे परत जायला सांगितलं. १८१९ मधल्या त्याच्या ओड्स (एखाद्या गोष्टीला उद्देशून लिहिलेल्या कविता) ज्याने वाचल्या आहेत त्याला हे वाचताना आजही चीड येते.

त्या टीकेमुळेच कीट्स मेला का?

नाही, क्षयाने. आई आणि धाकटा भाऊ त्याच आजाराने गेले होते. परीक्षणाने जीव घेतला ही दंतकथा शेलीने कीट्सवर लिहिलेल्या ‘अडोनेस’ या विलापिकेने पसरवली आणि बायरनने ‘डॉन हुआन’मध्ये तिची थट्टा केली.

सगळे पुरुषच? आणि कादंबरी कुठे आहे?

ब्लेक, वर्डस्वर्थ, कोलरिज, बायरन, शेली, कीट्स ही सहा कवींची यादी नंतरच्या प्राध्यापकांनी घट्ट केली. त्या काळच्या वाचकाला विचारलं असतं तर त्याने स्कॉट, बायरन आणि फेलिशिया हेमन्स ही नावं आधी घेतली असती. शार्लट स्मिथबद्दल म्हाताऱ्या वर्डस्वर्थने लिहिलं आहे की इंग्रजी काव्यावर तिचे जितके उपकार आहेत तितके कुणी मान्य करणार नाही किंवा लक्षात ठेवणार नाही. ॲना बार्बोल्डने १८१२ मध्ये युद्धखोर इंग्लंडवर कविता लिहिली, तिच्यात भविष्यातले अमेरिकन प्रवासी लंडनचे भग्नावशेष बघायला येतात. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ तिच्यावर तुटून पडलं. बाईने राजकारणावर बोलावंच का, असा सूर.

कादंबरीत वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ १८१४ ची आणि मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ ची. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, आणि जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात अडकलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली. मेरी १८ वर्षांची होती. आपल्याच निर्मितीला टाकून देणारा बुद्धिमान पुरुष, हा विषय तिला सभोवती बघून सुचला असेल तर नवल नाही.

भारताशी काही संबंध आहे की तो आपण ओढूनताणून आणतो?

आहे, आणि बराच जुना. सर विल्यम जोन्सने १७८४ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी काढली आणि १७८९ मध्ये ‘शाकुंतल’चं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं, तिथून ते जर्मनीत जाऊन गटेपर्यंत पोचलं. चार्ल्स विल्किन्सने गीता १७८५ मध्ये इंग्रजीत आणली. ब्लेकने १८०९ च्या आपल्या प्रदर्शनात विल्किन्स गीतेचं भाषांतर करतो आहे असं चित्र ठेवलं होतं; ते आता हरवलं आहे. साउदीने १८१० मध्ये ‘द कर्स ऑफ केहामा’ हे हिंदू पुराणांवर बेतलेलं लांबलचक काव्य लिहिलं. वाचवत नाही.

गोव्याचा धागा तर थेट आहे. सिडनी ओवेन्सन या आयरिश लेखिकेची ‘द मिशनरी’ ही कादंबरी १८११ मध्ये आली. पोर्तुगीज धर्मप्रचारक आणि काश्मिरी पुजारीण यांची प्रेमकथा. तिचा कळस गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, चितेपाशी होतो. तरुण शेली या पुस्तकाने भारावला होता.

कंपनीचा पैसाही या साहित्याच्या आसपास फिरतो. निबंधकार चार्ल्स लॅम ईस्ट इंडिया हाउसमध्ये तेहतीस वर्षं कारकून होता. वर्डस्वर्थचा भाऊ जॉन कंपनीच्या जहाजाचा कप्तान. व्यापारात कमाई करून भावाला निवांत कविता लिहू द्यायची, हा त्याचा बेत. ५ फेब्रुवारी १८०५ ला त्याचं जहाज पूर्वेकडे निघालं आणि इंग्लंडचा किनारा सुटण्याआधीच बुडालं. त्यानंतर वर्डस्वर्थच्या कवितेचा सूर बदलला.

मराठी कवितेवर याचा परिणाम किती?

केशवसुतांची पिढी हे कवी शाळा-कॉलेजातल्या इंग्रजीतून शिकली. सुनीत मराठीत आलं, कवी स्वतःविषयी प्रथमपुरुषी बोलू लागला. ‘आम्ही कोण?’मधला ताठा आणि कवी हे जगाचे मान्यता न मिळालेले कायदेकर्ते आहेत हे शेलीचं विधान शेजारीशेजारी ठेवून बघा. बालकवींची ‘औदुंबर’ वर्डस्वर्थच्या नावाने सहज खपवली जाते, पण तिच्यातला तो पाय टाकून बसलेला उदास औदुंबर खानदेशातला आहे, लेक डिस्ट्रिक्टमध्ये तो सापडायचा नाही.

मला यात सर्वांत लक्षणीय वाटतं ते असं की पाठ्यपुस्तकांतून इथे आलेला वर्डस्वर्थ क्रांतीची धार काढून टाकलेला, फुलं आणि टेकड्यांचा कवी होता. तरी केशवसुतांनी ती धार आपली आपण शोधली. १८८८ मध्ये त्यांनी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ लिहिली, पुढच्या वर्षी ‘मजुरावर उपासमारीची पाळी’, मग १८९३ ची ‘तुतारी’ आणि नंतर ‘नवा शिपाई’. यांतला बराचसा राग जातीवरचा आहे. तो कुठल्या इंग्रजी पुस्तकातून उसना घेता आला नसता.

हे कवी स्वतःला रोमँटिक म्हणवून घेत होते का?

नाही. टीकाकारांनी त्यांना ‘लेक स्कूल’, ‘कॉकनी स्कूल’ अशी हिणवणारी नावं दिली. १८२१ मध्ये साउदीने बायरनच्या गोटाला ‘सैतानी संप्रदाय’ म्हटलं. सगळ्यांना एका छत्राखाली व्हिक्टोरियन काळाने आणलं.

हा कालखंड संपला कधी?

पुस्तकात १८३२ लिहा: त्या वर्षी मताधिकार सुधारणेचा कायदा झाला, स्कॉटही मेला. खरं म्हणजे धाकटे तिघे १८२१ ते १८२४ या चार वर्षांत गेले: कीट्स रोममध्ये, शेली समुद्रात, बायरन ग्रीकांच्या लढ्यात तापाने. वर्डस्वर्थ मात्र राजकवी होऊन १८५० पर्यंत जगला आणि ‘प्रेल्यूड’, जिचा मुख्य मसुदा १८०५ मध्येच तयार होता, ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. म्हणजे या काळातली सर्वांत मोठी कविता वाचकांच्या हाती पडली ती काळ संपून अठरा वर्षं झाल्यावर.

वाचायला सुरुवात कुठून करू?

‘प्रेल्यूड’पासून करू नका. आधी ब्लेकची ‘लंडन’ आणि ‘चिमणी स्वीपर’, सोळा-चोवीस ओळींत काम होतं. मग ‘एन्शंट मॅरिनर’ एका बैठकीत, मोठ्याने. त्यानंतर ‘मायकल’, आणि तिच्या मागोमाग डोरोथीची ग्रासमिअरची रोजनिशी. कीट्सच्या ओड्सबरोबर त्याची पत्रं जरूर घ्या. त्याची ‘नेगेटिव्ह कॅपेबिलिटी’ची कल्पना, म्हणजे शंका आणि अनिश्चितता यांत अस्वस्थ न होता राहण्याची कवीची ताकद, कुठल्याही गाइडपेक्षा डिसेंबर १८१७ च्या त्याच्या पत्रात लवकर कळते. ‘डॉन हुआन’चा पहिला सर्ग हसत हसत वाचा. ‘प्रेल्यूड’चा पहिला, नववा आणि दहावा सर्ग शेवटी, आणि जमलं तर १८०५ चा पाठ घ्या, १८५० च्या पाठात म्हाताऱ्या कवीने तरुणपणीच्या बऱ्याच जागा सोवळ्या करून टाकल्या आहेत. सगळ्यांचे स्वामित्वहक्क कधीच संपलेले असल्यामुळे ही पुस्तकं नेटवर फुकट मिळतात.